ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर, द

ब्रिटिश नभोवाणीवरील ‘गून शो’ ह्या कार्यक्रमातील एक विख्यात विनोदी श्रुतिका. ‘द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी’ हे तिचे पूर्ण शीर्षक. मैदा, अंडी व दूध यांचे सरबरीत पीठ भट्टीत भाजून केलेल्या पदार्थास इंग्रजीत बॅटर पुडिंग म्हणतात. तो पदार्थ लोकांच्या अंगावर फेकणारा बेक्सहिल गावचा भयंकर इसम, असा ह्या शीर्षकाचा अर्थ. स्पाइक मिलिगनने (१९१८–२००२) लिहिलेली ही अर्ध्या तासाची श्रुतिका १२ ऑक्टोबर १९५४ रोजी बी. बी. सी.च्या होम सर्व्हिसवरून प्रथम प्रक्षेपित झाली. पीटर ईटन हा तिचा निर्माता व वॉलस ग्रीनस्लेड हा निवेदक होता.

गून शोचा आरंभ २८ मे १९५१ रोजी ‘क्रेझी पीपल’ ह्या नावाने झाला. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम व मायकेल बेन्टीन हे त्यातील चार नट. दुसऱ्या मालिकेपासून (१९५२) कार्यक्रमास ‘गून शो’ हे नाव मिळाले आणि ती मालिका संपल्यावर बेन्टीन बाहेर पडला. आरंभी कार्यक्रमाचे स्वरूप सुट्या प्रहसनांचे व मधूनमधून संगीताचे असे होते. पुढे संपूर्ण अर्धा तास एकच कथानक चालविण्याची पद्धत रूढ झाली आणि सप्टेंबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या मालिकेत ती पूर्णपणे स्थिरावली. प्रस्तुत श्रुतिका ह्या मालिकेतील तिसरी होय. दर आठवड्यास नवी संहिता लिहिण्याचा ताण मिलिगनला फार जड गेला. १९५२ च्या अखेरीस मनोविकाराच्या तीव्र झटक्यामुळे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते. पाचव्या मालिकेतही पुढे एरिक साइक्स हा सहलेखक म्हणून आला. ही संहिता मात्र मिलिगनची एकट्याची आहे.

श्रुतिकेचा काळ १९४१ चा व स्थळ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल हे गाव. शत्रूच्या आक्रमणाच्या भीतीने सर्वत्र अंधारपट पाळला जात असता हेन्री क्रन व मिनी बॅनिस्टर हे वृद्ध जोडपे समुद्रकाठी फिरायला निघते आणि मिनीच्या अंगावर काळोखातून पुडिंग येऊन आदळते. काय लागले ते पाहण्यासाठी काडी ओढावी, तर समुद्रापलीकडून तोफगोळा येतो. तपासासाठी नेडी सीगून हा उत्साही पण भोळसट गृहस्थ नेमला जातो. गुन्हेगाराचा माग त्याला थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत नेतो आणि शेवटी भर समुद्रातील एका जीवरक्षक नौकेत प्रकरण येऊन ठेपते. तेथे उपासमारीची वेळ आलेली असते आणि खाण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे पुराव्यादाखल जपलेले पुडिंग! सीगूनची भूमिका सीकमने, क्रन व मेजर ब्लडनॉक यांच्या भूमिका सेलर्सने, तर मिनी, एक्लस व मोरिआर्टी यांच्या भूमिका मिलिगनने केल्या.

वरवर निरर्थक वाटणाऱ्या ह्या कथानकाचा सांगाडा लेखकाच्या चरित्रातून आलेला आहे. तोफखान्यातील सैनिक म्हणून मिलिगन १९४० पासून बेक्सहिल येथे होता व जानेवारी १९४३ मध्ये तेथून अल्जीरियात गेला. ह्याच अनुभवांवर पुढे त्याने आपल्या युद्धस्मृतींचा पहिला खंड (१९७१) लिहिला. त्याचे वडीलही ब्रिटिश सेनेत होते. त्यामुळे मिलिगनचा जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १६ एप्रिल १९१८ रोजी झाला आणि बालपण पुण्याच्या छावणीत व नंतर रंगूनमध्ये गेले. सेलर्सनेही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या करमणूक-पथकातून भारताचा दौरा केला होता. भित्रा, पैशाचा लोभी आणि जुन्या पराक्रमांच्या बढाया मारणारा मेजर ब्लडनॉक हे पात्र दोघांनी पाहिलेल्या छावणीजीवनावाचून इतके नेमके उतरले असते, असे वाटत नाही.

गून शोचे ध्वनिमुद्रण सामान्यतः रविवारी, लंडन येथे, समोर बसलेल्या श्रोत्यांच्या उपस्थितीत होई. मॅक्स गेल्ड्रेचे माउथ-ऑर्गनवादन व रे एलिंग्टन चतुष्काचे गायन असे संगीताचे दोन तुकडे कथेच्या मध्ये येत. वाद्यवृंदाचे संचालन वॉली स्टॉट (पुढे अँजेला मॉर्ली) याच्याकडे होते. नट संहितेबाहेर जात, एकमेकांना हसवीत. ते हसूही मुद्रित होई. म्हणून छापील संहिता व प्रत्यक्ष प्रयोग यांत नेहमीच अंतर राहिले.

त्या काळी नभोवाणीचा कार्यक्रम ही वृत्तपत्रासारखी दिवसापुरती वस्तू मानली जाई. नट व वादक यांच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा असत, जागा अपुरी असे आणि ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरण्यात काटकसर दिसे. परिणामी गून शोच्या पहिल्या तीन मालिकांचे ध्वनिमुद्रण जवळजवळ सर्वच नष्ट झाले व चौथीतील थोडेच भाग उरले. पाचव्या मालिकेपासूनचे बहुतेक भाग वाचले, ते संग्रहाच्या दूरदृष्टीने नव्हे, तर परदेशी विक्रीच्या निमित्ताने. बी. बी. सी.चा ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस हा विभाग निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून त्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, भारत इ. देशांतील नभोवाणी-केंद्रांना पुरवीत असे. अशा तबकड्या ठराविक मुदतीनंतर परत कराव्यात किंवा नष्ट कराव्यात, अशी अट असे. ती सर्वत्र पाळली गेली नाही, हे पुढील काळाचे भाग्य म्हणावे लागेल. चौथ्या मालिकेतील काही जुन्या संहितांचे ह्या विभागासाठी १९५७-५८ मध्ये ‘व्हिंटेज गून्स’ ह्या नावाने पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यात आले. मूळ प्रयोग हाताशी असते, तर हा खटाटोप करावा लागला नसता.

ह्या बचावाची किंमतही मोजावी लागली. परदेशी श्रोत्यांना न समजणारे तात्कालिक उल्लेख, राजकीय टोमणे व अश्लील वाटणारे विनोद परदेशी आवृत्त्यांतून काढून टाकले जात. पुढील काळात जगभर जे गून शो ऐकले गेले ते बव्हंशी ह्या कापलेल्या आवृत्त्यांतून होते. विविध देशांतील श्रोत्यांच्या स्मरणातील एकच श्रुतिका शब्दशः एक असेलच असे नाही.

गून शोची नियमित मालिका २८ जानेवारी १९६० रोजी संपली. बी. बी. सी.च्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिन्ही नट पुन्हा एकत्र आले आणि ‘द लास्ट गून शो ऑफ ऑल’ हा कार्यक्रम ५ ऑक्टोबर १९७२ रोजी प्रक्षेपित झाला. त्याच वर्षी ‘द गून शो स्क्रिप्ट्स’ ह्या ग्रंथात पुडिंगफेक्याची संहिता छापली गेली व गून शोच्या जतनासाठी रसिकांची एक संस्थाही स्थापन झाली. १९७४ मध्ये ‘गून शो क्लासिक्स’ ह्या तबकडीवर ही श्रुतिका विक्रीस आली. घरी हव्या त्या वेळी ऐकण्याची सोय झाल्यामुळे, पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी जन्मलेलीही नसलेली पिढी तिच्याशी परिचित झाली.

२००८ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘द गून शो कॉम्पेन्डियम’ ह्या संचांसाठी ध्वनितंत्रज्ञ टेड केन्डल याने उपलब्ध ध्वनिफिती व तबकड्या पडताळून, गळालेला मजकूर शक्य तेथे परत जागी बसवून, पाचव्या व नंतरच्या मालिकांतील भागांचे ध्वनिशुद्धीकरण केले. बी. बी. सी.च्या रेडिओ फोर एक्स्ट्रा (२०११ पूर्वी बी. बी. सी. सेव्हन) ह्या वाहिनीवरूनही गून शोचे जुने भाग पुनःप्रक्षेपित झाले आहेत.