डेव्हऑप्स

डेव्हऑप्स : सॉफ्टवेअर तयार करणारे आणि ते सर्व्हरवर चालते ठेवणारे यांच्या कामांची सांगड घालून बदल लहान प्रमाणात, वारंवार व निर्धोकपणे वापरात आणण्याची कार्यपद्धती. ‘डेव्हलपमेंट’ व ‘ऑपरेशन्स’ या इंग्रजी शब्दांच्या आद्य भागांवरून ही संज्ञा बनली. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर दिवसातून दहा वा अधिक वेळा बदल कसे केले जातात, हे जॉन ऑल्स्पॉ व पॉल हॅमंड यांनी जून २००९ मध्ये एका परिषदेत मांडले. त्याच वर्षी पॅट्रिक देब्वा यांनी बेल्जियममधील गेंट येथे भरविलेल्या मेळाव्यापासून ही संज्ञा रूढ झाली.

जुन्या व्यवस्थेत कोड लिहिणाऱ्यांचे यश नव्या सुविधांवर, तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे यश काहीही न बिघडण्यावर मोजले जाई. साहजिकच बदल अनेक महिने साचत व मग एकाच रात्री हाताने चढविले जात. त्यातील धोका १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीत दिसून आला. नवा कोड आठांपैकी एका सर्व्हरवर चढवावयाचा राहून गेला व सु. पाऊण तासात कंपनीने ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गमावली.

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील वाहन-कारखान्यांना यातील मर्म अपरिचित नाही. लॉट लहान ठेवावा, दोष जेथे उद्भवतो तेथेच काम थांबवावे, ही टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी विकसित केलेली तत्त्वे डेव्हऑप्सच्या मुळाशी आहेत. फरक एवढाच की, कारखान्यात अर्धवट मालाचे ढीग डोळ्यांना दिसतात. न वापरलेल्या कोडचा ढीग कोणालाच दिसत नाही.

अंगीकाराची वाटचाल सामान्यतः साधनांपासून सुरू होते. सर्व कोड गिटसारख्या (२००५) प्रणालीत नोंदला जातो; पुढे जेन्किन्ससारख्या साधनाने प्रत्येक बदलाची चाचणी आपोआप होऊ लागते; त्यानंतर सर्व्हरची मांडणीही लेखी आज्ञांनी होते, त्यामुळे कोणताही सर्व्हर हुबेहूब पुन्हा उभा करता येतो. येथपर्यंतचा प्रवास पैसे व प्रशिक्षण यांच्या बळावर होतो. बहुतेक संस्था मात्र याच मधल्या टप्प्यावर अडकतात, कारण पुढची पायरी साधनाची नसून अधिकाराची असते : ज्याने बदल केला त्यानेच तो वापरात आणावा व बिघडल्यास निस्तरावा.

वाकडलगतच्या हिंजवडी येथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्या कंपन्यांत ही अडचण विशेष तीव्र असते. विकसनाचा करार एका कंपनीशी, तर सपोर्टचा दुसरीशी, अशी विभागणी तेथे असू शकते. चालू सर्व्हरवर प्रवेश ग्राहकाच्याच हाती असतो. सपोर्टचे पैसे माणसांच्या संख्येवर मिळत असतील, तर तिकिटे कमी करणारे स्वयंचलन कंपनीचे उत्पन्नच घटविते! रिलीजसाठी ठरलेली वेळही ग्राहकाच्या सोयीची असते. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात शनिवारी रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा वाकडमध्ये रविवारी सकाळचे साडेसात झालेले असतात. अनेक कुटुंबांचा रविवार अशा कामात जातो. करार निष्पत्तीवर बेतल्याखेरीज केवळ साधने आणून हे चित्र पालटत नाही. बँकांमध्ये कोड लिहिणारा व तो चढविणारा भिन्न असावा, असा लेखापरीक्षकांचा आग्रह असतो व तो रास्तही आहे. परंतु सहकाऱ्याने तपासलेला व यंत्रणेने नोंद ठेवून चढविलेला बदल ही अट सह्यांच्या कागदापेक्षा अधिक चोख पाळतो.

प्रगती मोजावी कशी, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर एंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच पातळ्यांच्या प्रतिमानाने भारतीय कंपन्यांना शिस्त लावली, तशीच पाचव्या पातळीच्या प्रमाणपत्राची हौसही लावली. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांनी २०१८ मधील ग्रंथात पातळ्यांऐवजी चार मोजमापे पुढे ठेवली : बदल किती वेळा वापरात येतो, कोड नोंदल्यापासून त्यास किती काळ लागतो, किती बदल फसतात आणि सेवा पूर्ववत होण्यास किती अवधी लागतो. त्यांच्या पाहणीत वेग व स्थैर्य परस्परविरोधी न आढळता सोबतच वाढलेले दिसले, हा निष्कर्ष महत्त्वाचा होय. तथापि हे आकडे बढतीशी जोडताच ते फुगू लागतात.

वाहनांतील सॉफ्टवेअरला ही पद्धती जशीच्या तशी लागू होत नाही. संकेतस्थळावरील फसलेला बदल काही मिनिटांत मागे घेता येतो. धावत्या गाडीच्या ब्रेक-नियंत्रकाबाबत ती मुभा नसते. म्हणून तेथे नवा कोड आधी संगणकावरील प्रतिरूपात, मग प्रत्यक्ष नियंत्रकाला जोडलेल्या चाचणी-मंचावर व शेवटी मोजक्या गाड्यांवर तपासला जातो आणि दूरस्थ बदल गाडी उभी असतानाच केला जातो.