बालाचडीचे पाहुणे आणि वळिवड्याची वसाहत

देशोधडीस लागलेल्या माणसांस जागा कोणी द्यावी, कोणत्या अटीवर द्यावी आणि दिल्यानंतर त्या जागेवर त्यांचा हक्क काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे पहिल्याचीच वाहवा होते. उरलेले दोन दप्तरात पडून राहतात.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांचेच उदाहरण घेऊ. सन १९४० व १९४१ मध्ये रशियन सरकारने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांस सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. पण तोवर कित्येक मुले पोरकी झालेली होती. त्यांपैकी शेकडो मुलांसाठी जामसाहेबांनी १९४२ साली जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे छावणी वसविली. मुले त्यांस बापू म्हणत. संस्थानिकांचे भाट होण्याची आम्हांस हौस नाही; तथापि ज्याने दार उघडले, त्याचे श्रेय त्यास द्यावयासच हवे. वॉर्सा शहरात आज त्यांच्या नावाची शाळा आहे.

वळिवड्याची हकीकत ह्याहून मोठी. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयी छत्रपती होते. १९४३ साली शहराजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली व तीत सुमारे पाच हजार माणसे राहिली. बहुतेक बायका, मुले व वृद्ध. खर्च लंडन येथील पोलिश सरकार सोशी, ही गोष्ट दातृत्वाच्या कथा सांगताना सहसा गाळली जाते. चर्च, शाळा, दुकाने, नाटके, सर्व काही तेथे होते. त्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, हेही ह्याच सरकारच्या अमलातले!

१९४८ पर्यंत पोलिश लोक निघून गेले. त्यांनी सोडलेल्या चाळींत सिंधमधून आलेली फाळणीग्रस्त कुटुंबे उतरली. वसाहतीचे नाव गांधीनगर पडले, आणि आज तीच कापडाच्या घाऊक व्यापाराची नामांकित पेठ आहे. अमरावतीचा रामपुरी कॅम्प व अकोल्याचा सिंधी कॅम्प ही त्याच फाळणीची अपत्ये. परका येऊन आपले गिऱ्हाईक तोडील, ही पेढीवरची जुनी कुरकुर गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी माल विकूनच खोटी पाडली आहे.

मात्र आश्रय व मालकी ह्यांत अंतर आहे. पोलिश पाहुणे परत जाणार होते. त्यांस पट्ट्याची गरज नव्हती. सिंधी कुटुंबे कायमची आली, तरी महाराष्ट्रातील अशा अनेक वसाहतींतील जमिनीच्या मालकीचा प्रश्न दशकानुदशके सरकारदरबारी रेंगाळला. निर्वेध पट्टा नसेल तर घर तारण ठेवून भांडवल उभारणे अवघड, खरेदीखतात अडचण, वारसांत तंटे. ज्याने दुकान उभे केले त्यास दुकानाखालची जमीन आपली म्हणता येऊ नये, ह्यास कायद्याच्या भाषेत काहीही म्हणोत, व्यवहारात त्यास टांगणीला ठेवणे म्हणतात. जिल्हाधिकारी कचेरीने अशा प्रत्येक वस्तीतील प्रलंबित प्रकरणांची यादी कारणांसह लावावी, व किती दिवसांत निकाल देणार तेही तीत लिहावे.