‘अराजक’ हा शब्द आणि राजकीय खटल्यांची दप्तरे

राजकीय खटल्यांची दप्तरे ही इतिहासाची साधने आहेत, हे आपणांकडे सर्वमान्य झाले आहे. ती भाषेच्या अभ्यासाचीही साधने आहेत, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. विशेषतः ज्या खटल्यांत आरोपीला ‘अनार्किस्ट’ अथवा ‘अराजक’ म्हटले गेले, त्या खटल्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. त्या दप्तरांतील आरोपी बोलला वा लिहिला मराठीत. त्याचा न्याय झाला इंग्रजीत. आणि आजचा पदव्युत्तर विद्यार्थी पुष्कळदा ती इंग्रजीच मूळ समजून तिचे पुन्हा मराठी करतो. या दुहेरी प्रवासात काय गळते व काय नव्याने चिकटते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘अराजक’ हा शब्द आपल्याकडे नवा नाही. रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या निधनानंतर राजा नसलेल्या देशाची जी दुरवस्था वर्णिली आहे ती याच शब्दाच्या आधारे; महाभारताच्या शांतिपर्वातील मात्स्यन्यायाचे विवेचनही याच कल्पनेभोवती फिरते. तेथे ‘अराजक’ ही एक अवस्था आहे. ते कोणाचे मत नव्हे. युरोपात मात्र १८४० साली प्रूधाँ या फ्रेंच लेखकाने स्वतःस त्या अर्थाचे विशेषण अभिमानाने लावून घेतले, आणि शासनसंस्थेवाचून समाज चालू शकेल असे मानणाऱ्या विचाराचे ते नाव झाले. अवस्थेचे नाव आणि मताचे नाव एकच झाल्यामुळे युरोपीय भाषांत जो घोटाळा झाला, तो ‘अराजक’ या प्रतिशब्दाबरोबर मराठीतही आला. अलीकडे ‘अराज्यवाद’ हा शब्द मतासाठी वेगळा वापरतात, ते योग्यच होय.

आपल्या वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अराजक’ म्हणजे राजाचा अभाव, की राजाला विरोध, की अप्रशस्त राजा असलेला देश, हे शब्दावरून ठरत नाही, प्रयोगावरून ठरते. हा निव्वळ व्याकरणाचा खेळ आहे असे कोणी समजू नये. भारतीय दंडसंहितेच्या १२४-अ या कलमातील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा कीस न्यायालयांत पडला तो याच प्रश्नावर. १८९१ च्या बंगवासी खटल्यात कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश पेथेरम यांनी त्याचा अर्थ प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, असा केला. १८९७ मध्ये टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावून देताना प्रीतीचा अभाव येथून आरंभ केला आणि पुढे द्वेष, वैर, तिरस्कार इत्यादी सर्व भाव त्यात गोवले. एकाने नञ्चा अर्थ ‘विरोध’ घेतला. दुसऱ्याने ‘अभावा’पासून ‘विरोधा’पर्यंतचा सारा पट घेतला. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि १८९८ मध्ये कलमच दुरुस्त करून त्या शब्दात राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना येतात असा खुलासा जोडण्यात आला. एका उपसर्गाचा अर्थ निश्चित करण्यासाठी विधिमंडळाला लेखणी उचलावी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

२

१९०८ साली हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुढे आला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडला. त्यानंतर ८ जून रोजी स्फोटक पदार्थांसंबंधी आणि वृत्तपत्रांसंबंधी असे दोन कायदे झाले. अँग्लो-इंडियन पत्रांनी बाँब फेकणाऱ्या तरुणांना सरसकट ‘अनार्किस्ट’ ठरविले होते. केसरीने मे-जूनमधील लेखांत या नामकरणालाच हरकत घेतली. त्यांतील विवेचनाचा आशय असा की, युरोपातील बाँब धनिकांविषयीच्या द्वेषातून निघाले, तर बंगालमधील बाँबच्या मुळाशी देशाभिमानाचा अतिरेक आहे. बंगाली तरुण अराजक नव्हेत, त्यांनी अराजकांचे हत्यार तेवढे उचलले आहे. हत्यार आणि मत यांत भेद करणारे हे विधान विवेकाचे होते. फिर्यादी पक्षाच्या दृष्टीने मात्र ते समर्थनाचे होते.

२४ जून रोजी टिळकांना अटक झाली. १२ मे चा ‘देशाचें दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन अग्रलेखांबद्दल १२४-अ व १५३-अ या कलमांखाली १३ ते २२ जुलै या काळात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. विशेष ज्यूरी नेमण्यास बचावाच्या वतीने बॅरिस्टर बॅप्टिस्टा यांनी विरोध केला होता, तो भाषेच्याच मुद्द्यावर: लेख मराठी आहेत, तेव्हा ते मुळात वाचू शकणारे ज्यूरर असावेत. ती हरकत मान्य झाली नाही. नऊ ज्यूररांत सात युरोपियन व दोन पारशी होते. म्हणजे ज्या शब्दांबद्दल शिक्षा व्हावयाची, ते शब्द ज्यूरीने तर्जुम्यातूनच ऐकले.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. सरकारी भाषांतर खात्यातील जोशी यांची उलटतपासणी त्यांनी शब्दशब्दावर घेतली, आणि पुढे सर्व मिळून एकवीस तास दहा मिनिटे चाललेल्या भाषणात भाषांतराचा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला खटल्याचा संपूर्ण इंग्रजी वृत्तांत या दृष्टीने वाचावा. भाषांतरशास्त्र हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीचा, न्यायालयाच्या पिंजऱ्यातून झालेला तो भाषांतरविचार आहे. इंग्रजी राजकीय संज्ञांना प्रतिशब्द शोधताना मराठी लेखक जुने शब्द नव्या अर्थाने वापरतो. त्यांचे उलट भाषांतर करताना जुनाच अर्थ लावला तर सौम्य विधान जळजळीत होते.

या दोन लेखांच्या मथळ्यांवरूनच हे दाखविता येईल. ‘दुर्दैव’ या शब्दात ‘दैव’ आहे. घडलेल्या गोष्टीविषयीची खंत आणि ती घडणे टळले नाही ही जाणीव, असे दोन्ही भाव मराठी वाचकाला त्यात एकदम लागतात. इंग्रजी ‘मिसफॉर्च्यून’मध्ये त्यांतला पहिला ठळक राहतो व दुसरा फिका होतो. ‘उपाय’ हा तर एकाच वेळी वैद्याचा व राजनीतीचा शब्द आहे. साम, दाम, दंड, भेद हे चार उपाय ज्याला ठाऊक आहेत, त्याला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ यात राज्यकर्त्याला केलेला नीतिशास्त्राचा उपदेश ऐकू येतो: दंड हा एकच उपाय पुरत नाही. ‘रेमेडीज’ या शब्दात रोग व औषध एवढेच उरते.

निकाल सात विरुद्ध दोन असा झाला. सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड ही शिक्षा झाली. तिचे पुढे साध्या कैदेत रूपांतर होऊन टिळक मंडालेस गेले.

३

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. न्यायाधीशाला मराठी येत असते, तर सर्व काही वेगळे झाले असते काय? पुढच्याच वर्षीचे उदाहरण तसे सांगत नाही. गणेश दामोदर सावरकर यांना ‘लघु अभिनव भारतमाला’ या कवितांबद्दल जून १९०९ मध्ये नाशिकच्या सेशन्स न्यायालयाने जन्मठेप दिली. उच्च न्यायालयातील अपिलाचा निर्णय न्यायमूर्ती नारायण चंदावरकर यांनी दिला. ते मराठी जाणणारे होते. कवितांतील देवदेवता आणि शिवाजी ही नावे केवळ निमित्त असून सरकार उलथण्यासाठी शस्त्र उचला हाच खरा आशय आहे, असे त्यांनी ठरविले आणि शिक्षा कायम राहिली. सिडिशन कमिटीने १९१८ च्या आपल्या अहवालात हा निर्णय देताना न्यायाधीश मराठी जाणणारे होते, याचा उल्लेख आवर्जून केला आहे.

तात्पर्य, भाषा येणे आणि अर्थ ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पौराणिक रूपक वाचणाऱ्या प्रत्येकाला ते राजकीय आवाहन म्हणूनच भिडेल काय, हा प्रश्न शब्दकोशाचा नाही. वाचकवर्गाचा आणि प्रसंगाचा आहे. म्हणून सारा दोष भाषांतरकारावर टाकून मोकळे होणे अभ्यासकाला शोभणार नाही.

याच कमिटीच्या शिफारशींवरून मार्च १९१९ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या नावातच ‘अनार्किकल’ हा शब्द आहे. आपण त्यास रौलट कायदा म्हणतो. एखादी चळवळ ‘अनार्किकल अथवा रेव्होल्यूशनरी’ आहे अशी गव्हर्नर जनरलची खात्री झाली म्हणजे कायदा लागू करता येई. तत्त्वज्ञानातून निघालेला शब्द अशा रीतीने वृत्तपत्रांतून न्यायालयात आणि न्यायालयातून कायद्याच्या मथळ्यावर जाऊन बसला.

याच्या उलट, आरोपी तो शब्द जवळ करतो तेव्हाचे दप्तरही पाहावे. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या असेंब्लीत बाँबबरोबर जी पत्रके टाकण्यात आली, त्यांत व्हेयाँ या फ्रेंच अराज्यवाद्याचा नावानिशी उल्लेख होता. व्हेयाँने डिसेंबर १८९३ मध्ये फ्रेंच प्रतिनिधिगृहात बाँब टाकला होता. भगतसिंगांनी १९२८ मध्ये अराज्यवादावर लेखही लिहिले होते. भगतसिंग, सुखदेव व खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना ज्या लाहोर खटल्यात फाशीची शिक्षा झाली, त्याचे कागद वाचताना ‘अनार्किस्ट’ हा शब्द फिर्यादीचा कोठे आणि आरोपीचा कोठे, हे प्रत्येक वेळी वेगळे करावे लागते.

४

आतापर्यंत छापील मजकुराचा विचार झाला. तोंडी जबानीचा प्रश्न त्याहून कठीण आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३६४ व्या कलमाने आरोपीची जबानी प्रश्नोत्तरांसह पूर्ण व शक्य तो त्याच्याच भाषेत लिहावयाची होती. परंतु ३५९ व्या कलमाप्रमाणे साक्षीदाराचा पुरावा सामान्यतः प्रश्नोत्तररूपाने न लिहिता कथनरूपाने लिहावयाचा होता. म्हणजे वकिलाचा प्रश्न पुसला जाई, आणि साक्षीदाराचे ‘हो’ हे एका पूर्ण वाक्याचे रूप घेई. ते वाक्य त्याचे नव्हे, हे दप्तर सांगत नाही.

आपल्या भागापुरते उदाहरण कल्पून पाहा. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला, गाढवी नदीवरील धरणामुळे ओळखला जाणारा इटियाडोहचा परिसर त्या काळी मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. तेथील एखादा साक्षीदार झाडीबोलीत बोलणार. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणार. कारकून ते ‘शुद्ध’ करणार, किंवा न्यायाधीश ऐकता ऐकताच इंग्रजीत उतरविणार. साक्षीदार गोंडी बोलणारा असेल तर दुभाषाची आणखी एक पायरी. अशा कागदावरून साक्षीदाराच्या हेतूविषयी, भीतीविषयी वा आदराविषयी अनुमान काढणे किती जोखमीचे आहे, हे बोलींचा अभ्यास करणाऱ्यास सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ परकीय राज्याचा नाही. शिकागो येथे ४ मे १८८६ च्या बाँबस्फोटानंतर आठ अराज्यवाद्यांवर खटला झाला. त्यांतील पाच जर्मनीत जन्मलेले होते, आणि पुराव्यात जर्मन पत्रातील मजकुराचे इंग्रजी भाषांतर होते. त्या पत्रात ‘रूऽ’ एवढाच शब्द छापून आला होता. कोशात त्याचा अर्थ शांतता, विश्रांती. फिर्यादी पक्षाच्या मते ती सशस्त्र गटांना दिलेली खूण होती. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्यपाल आल्टगेल्ड यांनी खटल्यावर कठोर टीका करून मुक्त केले. संकेताचा अर्थ संकेत करणाऱ्यांच्या संमतीत असतो, कोशात नसतो. न्यायालयापुढे तो सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करणारा साक्षीदार पुन्हा भाषेतच बोलतो.

५

या विवेचनावरून संशोधकासाठी काही सूचना निघतात. पहिली, जेथे मूळ मराठी निशाणी उपलब्ध आहे तेथे ती आधी वाचावी, इंग्रजी नंतर. केसरीचे अंक उपलब्ध असता वृत्तांतातील इंग्रजीचे पुन्हा मराठी करणे अक्षम्य आहे. दुसरी, शब्दाचा अर्थ त्या काळचा घ्यावा. १९२० च्या सुमारास अहिंसक असहकाराला मराठीत ‘अनत्याचारी असहकार’ म्हणत; म्हणजे ‘अत्याचारी’ याचा तेव्हाचा एक अर्थ ‘हिंसेचा मार्ग घेणारा’ असा होता. आजचा ‘जुलूम करणारा’ हा अर्थ तेथे लावला तर वाक्याचा कर्ताच बदलतो. तरुणांविषयीचे विधान सरकारविषयीचे ठरते. तिसरी, प्रत्येक विशेषण कोणाच्या तोंडचे आहे याची नोंद ठेवावी. ‘अराजक’ हे वर्णन पुष्कळदा आरोपीच्या मताचा पुरावा नसून वर्णन करणाऱ्याच्या भयाचा पुरावा असते. चौथी, कथनरूप जबानीतून भाषिक निष्कर्ष काढू नयेत. काढल्यास त्यांची मर्यादा सांगावी.

या सूचना सूक्ष्मपणाच्या हौसेसाठी नाहीत. या दप्तरांतील माणसांपैकी कोणी सहा वर्षे मंडालेस काढली, कोणी अंदमानात आयुष्य झिजविले, कोणी फासावर गेले. त्यांना जे नाव दिले गेले ते त्यांचे होते की नाही, एवढे तपासून पाहणे हे त्यांच्यावर लिहिणाऱ्याचे किमान कर्तव्य आहे. न्यायालयाला निकाल देण्याची घाई असते. संशोधकाला तशी सबब सांगता येणार नाही.