त्वचेच्या उंबरठ्यावर

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हे दोन शब्द वेष्टनावर छापले की सामान्य ग्राहकाचे समाधान होते. परंतु काय सिद्ध झाले आणि कशावर सिद्ध झाले, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. अंगाला लावताच दिसेनासे होणारे सनस्क्रीन हे याचे बोलके उदाहरण होय. पूर्वी त्याचे पांढरे पूट अंगावर राहत असे. आता त्यातील टायटेनियम डायऑक्साइड वा झिंक ऑक्साइड अनेकदा नॅनोकणांच्या रूपात, म्हणजे १०० नॅनोमीटरहून बारीक करून घातलेले असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जे डोळ्यांना दिसत नाही ते कातडीतून आत तर उतरत नाही ना, ही शंका रास्तच म्हटली पाहिजे.

तिच्या निरसनासाठी शास्त्रज्ञ पेशीच्या आवरणाची प्रतिकृती उपयोगात आणतात. १९२५ साली गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य पाण्यावर पसरून मोजले, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. पेशीचे आवरण दुपदरी असते, हा सिद्धांत त्यातून निघाला. असे स्निग्ध रेणू पाण्यात आपोआप जुळून अवघ्या पाचेक नॅनोमीटर जाडीचा दुपदरी पडदा तयार करतात. त्यावर नॅनोकण सोडले की ते चिकटतात, आरपार जातात की पडद्यालाच छिद्र पाडतात, हे पारखता येते. कणाचा आकार, विद्युत्भार आणि त्यावरील लेप एकेक करून बदलता येतो. शिवाय मुक्या जनावरांचा छळ टळतो. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी घातल्यानंतर तर अशा पद्धतींचे मोल अधिकच वाढले आहे.

तथापि येथे शितावरून भाताची परीक्षा करता येत नाही. त्वचा म्हणजे एकच पडदा नव्हे. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींच्या पंधरा-वीस पदरांचा असतो. चिऱ्यांच्या भिंतीत चुना भरावा तशी सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले त्या पेशींच्या सांदींत भरलेली असतात. केसांची मुळे आणि उन्हाने पोळलेली कातडी यांचा हिशेब निराळाच. बहुतेक चाचण्यांत हे कण याच मृत थरात अडकलेले आढळले आहेत. मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस सनस्क्रीन लावलेल्यांच्या रक्तात व लघवीत त्यातील जस्ताचा अत्यल्प अंश सापडला. तो कणरूपाने आत गेला की विरघळून, याचा निर्णय त्या चाचणीने होण्याजोगा नव्हता.

तेव्हा घाबरून सनस्क्रीन फेकून देण्याचे कारण नाही. उन्हाचा अपाय निश्चित आहे. पण विश्वास डोळस असावा. युरोपीय संघात २०१३ पासून नॅनो घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ असा शब्द छापणे बंधनकारक आहे. आपल्याकडील प्रत्येक बाटलीवरही तो दिसावा आणि चाचणी कृत्रिम पडद्यावर झाली, कातडीच्या तुकड्यावर की माणसावर, हेही उत्पादकाने सांगावे. प्रतिकृतीने दिलेली साक्ष मोलाची आहे. मात्र तिला जे विचारले तेवढ्यापुरतीच ती ग्राह्य धरली पाहिजे.