हातात पडतो तो पगार

सोयरिकीच्या बैठकीत पगार विचारला की माणूस मोठा आकडा सांगतो. घर मात्र चालतं लहान आकड्यावर. सकाळी आमच्या कुडव्यातून सायकली आणि मोटारसायकली गोंदियाकडे निघतात. कुणी राइस मिलमध्ये लिखापढी करतो, कुणी दुकानाचा हिशेब सांभाळतो. त्यांतलाच मी एक.

समजा पगार 14,000 आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 10,000. त्यावर 12 टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधीचे 1,200 कापले जातात. पूर्ण पगारावर पाऊण टक्का कामगार विमा, म्हणजे 105. व्यवसाय कर 200. हातात पडतात 12,495. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण व्यवसाय कराची वर्षाची बेरीज 2,500 करायची असते.

या कराचा राग येतो खरा. पण 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामं काढली आणि 1975 चा हा कर त्याच खर्चासाठी आला. एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ झाला.

खरी मेख निधीच्या कटतीत आहे. ‘कापू नका, हातातच द्या,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरात आजारपण असलं की मलाही तो मोह होतो. पण मालकाला तेवढाच हिस्सा भरावा लागतो. त्यातले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात, 3.67 टक्के आपल्या खात्यात पडतात. कटती टाळणारा आज 1,200 मिळवतो आणि मालकाचे 1,200 घालवतो. दहा वर्षांची सेवा भरली की पेन्शनचा हक्क तयार होतो, तोही हातचा जातो.

आता उरलेल्याचं गणित. वर्षाला पगार बारा, खर्च मात्र तेरा. जूनमध्ये वह्या-पुस्तकं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्री नाटक असतं, आणि पाहुण्याला हात आखडून वाढता येत नाही. म्हणून आमच्या घरी पगार झाला की किराण्याआधी या तेराव्या खर्चाचे पाचशे वेगळे निघतात. वर्षाचे सहा हजार होतात. मंडईला उधारी करावी लागत नाही.

एक भत्ता पगारपत्रकात कधीच दिसत नाही: गावाकडून येणारा तांदूळ. शहरात दोन हजार जास्त मिळतात म्हणून निघणाऱ्या पोराने खोलीभाड्यासोबत या पोत्याचीही किंमत मांडावी.

पगारपत्रक खिशातच घडी होऊन राहू नये. महिन्यातून एकदा ते जेवणानंतर सगळ्यांसमोर उघडावं. बाप ‘नाही’ का म्हणतो, हे मुलांना कळतं. आणि कुठल्या गोष्टीला ‘हो’ म्हणता येईल, हे बऱ्याचदा त्यांच्या आईलाच आधी सुचतं.