मेट्रोजवळचा चार एफएसआय: ऐकीव काय, खरं काय

पुण्यात मेट्रो स्थानकाजवळच्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आपल्याला आता चार एफएसआय मिळतो", म्हणजे भूखंडाच्या चौपट क्षेत्र बांधता येतं. लगेच वाढीव कारपेट, कॉर्पस, दरमहा भाडं यांची गणितं सुरू होतात. टीओडी, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या आधाराने दाट वस्ती वसवण्याचं धोरण, केंद्राने २०१७ मध्ये जाहीर केलं. पुण्यासाठीचे त्याचे नियम डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. ते वाचले की ही गणितं बरीच बदलतात.

"मेट्रोच्या दोन्ही बाजूंना सरसकट चार." असं नाही. मोजणी मेट्रोच्या मार्गापासून होत नाही, स्थानकापासून होते, आणि त्रिज्या ५०० मीटरची. दोन स्थानकांच्या मधोमध, खांबांना लागून घर असलं आणि ते वर्तुळाबाहेर पडत असलं, तर टीओडीचा लाभ नाही. वर्तुळात आलात तरी चार ही कमाल मर्यादा आहे. समोरचा रस्ता जितका रुंद आणि भूखंड जितका मोठा, तितका आकडा चढत जातो. डेक्कन जिमखाना स्थानकाचं वर्तुळ नदी ओलांडून पेठांत पोहोचतं, पण तिथल्या बोळांतल्या वाड्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांपुढे तर आणखी एक कायदा उभा असतो: संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत वेगळी परवानगी.

"मंजूर झाला म्हणजे वापरता येणारच." सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून आकडे मांडून पाहू. समजा ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर चार एफएसआय मंजूर झाला. बांधायचं क्षेत्र ३,६०० चौरस मीटर. उंच इमारतीभोवती अग्निशमन बंब फिरायला किमान ६ मीटर जागा मोकळी लागते. चारही बाजूंनी ती सोडली की उरतो १८ बाय १८चा चौकोन: ३२४ चौरस मीटर, एक तृतीयांशाहून थोडा जास्त. त्यात ३,६०० बसवायचे तर बारा मजले, आणि पार्किंगचे मजले त्याखाली वेगळे. उंची वाढली की बाजूचं अंतरही वाढवावं लागतं, म्हणजे चौकोन आणखी आक्रसतो, म्हणजे मजले आणखी वाढतात. लहान भूखंडावर हे गणित एका टप्प्यानंतर जुळतच नाही. दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र येण्याचा सल्ला वास्तुविशारद देतात, तो त्यामुळेच. शिवाय मूळ एफएसआयच्या वरचा भाग फुकट मिळत नाही. त्यासाठी अधिमूल्य भरावं लागतं आणि बिल्डर ते शेवटी प्रकल्पाच्या हिशेबातूनच काढतो.

"सरकार आता जुन्या इमारती पाडायला लावणार." टीओडी ही परवानगी आहे, सक्ती नाही. निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचाच.

"मेट्रोचा अधिभार फक्त स्थानकाजवळच्यांना." हाही गैरसमज पक्का रुजलाय. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो, मग घर स्थानकासमोर असो की मेट्रो कधी पोहोचेल याची वाट पाहणाऱ्या उपनगरात. ८० लाखांच्या फ्लॅटवर ते ८० हजार रुपये होतात. मुंबई, ठाणे, नागपूरलाही हा अधिभार लागू आहे.

आता भावांचा प्रश्न. "घरं वाढतील, म्हणून स्वस्त होतील" असं काही म्हणतात. "भाव दुप्पट होणार" असं दलाल सांगतात. दोघंही जमीन आणि घर यांची गल्लत करतात. जादा बांधकामाची मुभा जाहीर झाली की आधी जमिनीचा भाव चढतो. घरं यायला वर्षं लागतात. शिकागोत २०१३ आणि २०१५ मध्ये स्थानकांजवळ अशी मुभा दिली गेली. संशोधक योना फ्रीमार्क यांच्या अभ्यासात पहिल्या पाच वर्षांत मालमत्तांच्या किमती वाढलेल्या दिसल्या, बांधकाम मात्र वाढलेलं दिसलं नाही. ऑकलंडने २०१६ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर दाट बांधकामाला वाट मोकळी केली, तिथे बांधकाम खरोखर वाढलं. मला यातून दिसतं ते असं: मोजक्या वर्तुळांत मुभा दिली, तर तिचा बराचसा फायदा त्या वर्तुळातल्या जमीनमालकाच्या पदरात पडतो. पुण्याची वर्तुळं ५०० मीटरांचीच आहेत. स्थानकाजवळच्या जुन्या इमारतीत कमी भाड्यात राहणारी, रोज मेट्रोने कामावर जाऊ शकेल अशी माणसं पुनर्विकासात शहराबाहेर ढकलली गेली आणि त्यांच्या जागी दोन-दोन गाड्यांची कुटुंबं आली, तर या धोरणाचा मूळ हेतूच हरतो. नियम पार्किंगची अट सैल करतात ते गाड्या कमी व्हाव्यात म्हणून. त्यासाठी स्थानकापर्यंत सलग, चालता येईल असा पदपथ हवा, आणि तो बांधणं महापालिकेचं काम आहे.

सभासदांनी बिल्डरच्या सादरीकरणाआधी तीन गोष्टी हातात घ्याव्यात: महापालिकेचा झोन दाखला, विकास आराखड्यातली समोरच्या रस्त्याची रुंदी आणि स्वतः नेमलेल्या सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल. सोसायट्यांच्या पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातही या अहवालाचा टप्पा निविदेच्या आधीच आहे.