डोंगराच्या खांद्यावर बसून नाटक!

गणपतीची मिरवणूक बघायला गेलात आणि पुढं एखादे उंच काका उभे राहिले, की काय होतं? त्यांची पाठ दिसते, गणपती नाही! मग तुम्ही बाबांच्या खांद्यावर चढता. पण हजारो माणसं एकदम बघायला आली, तर एवढे खांदे आणायचे कुठून?

ग्रीसमधल्या लोकांनी फार पूर्वी डोंगराचाच खांदा केला. उतारावर ओळीनं दगडी बाकं बसवली. मागची ओळ पुढच्या ओळीपेक्षा उंच. सुमारे २३०० वर्षांपूर्वीच्या एपिडॉरसच्या नाट्यगृहात अशा ५५ ओळी आहेत! नजर पुढच्याच्या डोक्यावरून थेट खाली जाते आणि खालचा आवाजही माणसांच्या गर्दीत न अडकता वर पोचतो. अशा जागेला ते म्हणायचे 'थिआट्रॉन', म्हणजे बघायची जागा. आपला 'थिएटर' शब्द तिथलाच.

आता चला कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोमचं कलोसियम नावाचं प्राचीन प्रेक्षागृह बघून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली आणि १९१२ साली ते पुरं झालं. मधोमध तांबड्या मातीचा आखाडा, चहूबाजूंनी चढत गेलेला उतार. लई भारी!

पण एक गंमत बघा. ग्रीक नाट्यगृह अर्ध्या वर्तुळाहून थोडंसंच मोठं, खासबाग मात्र पूर्ण गोल. असं का? पैलवान गरागरा फिरतात. कुस्तीला पुढची बाजू नसते, मागची नसते. कुठूनही बघा, डाव दिसतोच. नटाचं तसं नाही. तो पाठ करून उभा राहिला, तर मागच्यांना त्याचा मुखवटा दिसणार कसा? (हो, ग्रीक नट मुखवटे घालायचे.) म्हणून एक बाजू मोकळी ठेवून तिथं कपडे बदलायची खोली बांधत.

महाराजांना कुस्तीइतकंच नाटकाचंही वेड. खासबागेला लागूनच त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं.

खासबागेत गेलात, तर मित्राला खाली शड्डू ठोकायला सांगा आणि तुम्ही सगळ्यात वर जाऊन बसा. आधी मांडीवर पडलेला हात दिसतो, की आधी आवाज येतो?